सात नंबरचा पोपट

४ फेब्रुवारी

आज बुटक्या साहेबांचा संसार मी तीनदा तोडला!

ते लोक लढाई जिंकून आपल्या शहरात येऊन बसले त्याला चार महिने झाले. त्यांच्यातला सगळ्यात मोठा अधिकारी उंचीला सगळ्यात कमी, म्हणून तो बुटके साहेब. दर मंगळवारी अकराला तो घरी बायकोला फोन लावतो. लावतो कसला — मीच लावून देते. शहरातला एकूण एक फोन आमच्या एक्सचेंजच्या बोर्डावरून जातो. कुणी रिसीव्हर उचलला की त्याच्या नंबराखालचा दिवा पेटतो. मी वायर खुपसते, "नंबर?" म्हणते आणि वायरीचं दुसरं टोक हव्या त्या भोकात घालते. त्यांची भाषा मला येत नाही. पण लाडात आलेला पुरुष कुठल्याही भाषेत ओळखू येतो. साहेबांचा आवाज जरा विरघळायला लागला की मी वायर अर्धं बोट मागे ओढते. खर्रर्र — संपलं! मग "माफ करा साहेब, लाइन जुनी आहे." तिसऱ्या वेळी त्यांनी रिसीव्हर असा आपटला की माझे कान अजून गुणगुणतायत. पण मन कसं गार झालं.

५ फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी विचारलं, लाइन नेमकी मंगळवारीच कशी जाते? म्हटलं, वायरीत ओल आली असेल.

"ओल वायरीत नाही, तुझ्या डोक्यात आहे," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

तीस वर्षं झाली त्यांना या बोर्डावर. आमच्या त्या मुख्य. दिवा पेटायच्या आधीच कुणाचा पेटणार हे सांगतात, अशी ख्याती. त्यांना सगळेच टरकून असतात. आमच्यावर नजर ठेवायला दाराशी बसवलेला शिपाईसुद्धा त्या आल्या की पाय जवळ घेतो. त्याला आपली भाषा कळत नाही, आणि दहा वाजून गेले की स्वतःचीही कळत नसावी — इतका पेंगतो. त्याचं नाव आम्ही डुलक्या ठेवलंय.

११ फेब्रुवारी

भिंतीभिंतीवर कागद चिकटवलेत. कुणाच्या घरी रेडिओ, हत्यार किंवा लपलेला माणूस असेल तर सात नंबरला फोन करा. नाव गुप्त राहील. बक्षीस — दोन किलो साखर!

सात नंबर म्हणजे त्यांच्या कचेरीतला तक्रारींचा फोन. तिथे आपल्यातलाच एक कारकून बसवलाय, नाकातून बोलणारा. साहेब एकदा म्हणेल ते हा दोनदा म्हणतो, म्हणून अख्खं गाव त्याला पोपट म्हणतं.

नाव गुप्त राहील म्हणे. मग फोन काय वाऱ्यावरून जाणार? ज्याने ही पाटी लिहिली त्याला टेलिफोन कसा चालतो ते माहीत नसावं. आई म्हणाली, कोण कशाला करतंय असले फोन, आपलीच तर माणसं आहेत. मलाही तसंच वाटलं.

१३ फेब्रुवारी

केला. दुपारी तीनला. पुरुषाचा आवाज, अगदी सभ्य. "सात नंबर द्या हं, ताई." ताई म्हणाला! हात सवयीने चालला, मी जोडून दिला. कान काढून घ्यायचा, तो घेतला नाही. नदीकाठच्या मास्तरांच्या माळ्यावर रेडिओ आहे, एवढंच बोलला. साखर कुठे मिळेल ते विचारलं आणि ठेवला.

सगळं मिळून अर्धा मिनिट. वायर ओढायला अर्धं बोट पुरतं. मंगळवारी पुरतं ना!

१४ फेब्रुवारी

सकाळी मास्तरांना नेलं. चष्मासुद्धा घेऊ दिला नाही. त्यांनी मला लिहायला शिकवलं. दादालाही त्यांनीच शिकवलं. दादा तर लढाईच्या पहिल्याच आठवड्यात गेला. आता मास्तर.

१५ फेब्रुवारी

मास्तरीणबाई रस्त्यात भेटल्या. थांबून माझीच चौकशी केली. "दमलेली दिसतेस गं," म्हणाल्या.

१९ फेब्रुवारी

आज आणखी एक. बाईचा आवाज, सात नंबर हवा म्हणाली. म्हटलं, एंगेज्ड आहे. पाच मिनिटांनी पुन्हा. एंगेज्ड. पुन्हा. एंगेज्ड! सहाव्यांदा ती म्हणाली, एवढं काय बोलतायत तिकडे?

मान वर केली तर मोठ्या बाई माझ्या पाठीशी उभ्या. कधीपासून, देव जाणे. मला वाटलं, संपलं आपलं. त्यांनी माझ्या कानावरचा पट्टा काढला, स्वतःच्या कानाला लावला आणि त्या बाईला गोड आवाजात सांगितलं की लाइन बिघडली आहे, उद्या अकराला करा. मग मला बॅटरीच्या खोलीत नेलं. दार लावलं.

"एंगेज्ड किती वेळा सांगशील? सातव्यांदा ती चालत जाईल. तिला पाय आहेत."

मी रडायला लागले. मास्तरांचा फोन मीच जोडला, हे सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, माहीत आहे; असे दोन तर त्यांनी स्वतः जोडलेत.

२० फेब्रुवारी

काय डोकं आहे बाईंचं!

बॅटरीच्या खोलीत तपासणीचा एक फोन आहे. मिस्त्री त्यावरून लाइन तपासायचा. मिस्त्रीला त्या लोकांनी पहिल्याच महिन्यात कामाला धरून नेलं, फोन राहिला. आता सात नंबर मागणारा आला की आपण एंगेज्ड म्हणायचं नाही. जोडून द्यायचा — त्या फोनला! तक्रार करायची हौस आहे ना, करू दे. समाधानाने घरी जाऊ दे. फक्त पलीकडे पोपट नसेल, आपण असू.

पण पोपट पुरुष आहे, मी म्हटलं.

तेव्हा शेजारच्या खुर्चीवरून नाटकी नाकातून म्हणाली, "सात नंबर, सात नंबर. बोला, बोला."

मी दचकून दाराकडेच बघितलं! नाटकी आमची तिसरी. एक्सचेंजला यायच्या आधी दहा वर्षं फिरत्या नाटक कंपनीत होती. आवाज घोगरा, म्हणून तिला कायम सासरे आणि सेनापती द्यायचे. ती म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आवाजाचं कुणाला तरी कौतुक वाटलं.

आणि कालच्या त्या बाईचं? आज अकराला तिने केला. नाटकीचा पहिला प्रयोग! शिवणवालीने जखमी माणूस पोटमाळ्यावर लपवलाय, अशी खबर. नाटकीने शांतपणे सगळं लिहून घेतलं. मग खबर देणारीचं वय विचारलं. आजोबांचा धंदा विचारला. पायाचं माप विचारलं. बाई म्हणाली पायाचं कशाला? नाटकी म्हणाली, नियम आहे, नियम आहे.

बारा वाजता मी परकराला दुमड घालायची म्हणून शिवणवालीकडे. ती खाली बसून मापं घेत होती. मी भिंतीकडे बघत म्हटलं, पोटमाळा आजच झाडून घ्या. तिचा हात एकदा थांबला, मग तिने टाचणी पूर्ण लावली. पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी शिपाई आलेच नाहीत — येतील कुठून! पण माळा रिकामा झालाय. कसा, ते मी विचारलं नाही.

२७ फेब्रुवारी

सगळे फोन अडवायचे नाहीत, हा बाईंचा नियम. पोपटाला अगदीच काम उरलं नाही तर त्याला संशय येईल. म्हणून नाटकीने आधी ऐकून घ्यायचं आणि बिनविषारी फोन "पुन्हा सांगा, पुन्हा सांगा" म्हणत खऱ्या पोपटाकडे जाऊ द्यायचे. आज गेलेले: शेजाऱ्याच्या कोंबड्या आवारात येतात. जिन्यावर कुणीतरी थुंकतं. आणि एकाने खबर दिली की आपली सासू शत्रूची हेर आहे. हा जाऊ द्यावा का, यावर आमच्यात वाद झाला. नाटकी म्हणाली, त्याची सासू मी बघितलीय, शिपाईच घाबरून परत येतील. पण बाई म्हणाल्या माणूस तो माणूस. अडवला.

८ मार्च

आतापर्यंत नऊ घरं वाचली. इथे कुणाचंच नाव लिहीत नाही. ही वही बटाट्यांच्या पोत्यात तळाशी असते. बाईंना वहीचं कळलं तर माझीच वायर उपटतील.

बॅटरीच्या खोलीत आम्ही सारख्या जातो म्हणून डुलक्याने हातवाऱ्याने विचारलं, काय आहे तिकडे? नाटकीने त्याला आत नेऊन बॅटरीत पाणी घालून दाखवलं. त्याला वाटत असणार, या देशातल्या बॅटऱ्यांना तहान फार.

१२ मार्च

आई म्हणते मी हल्ली फार हसते. "या दिवसांत एवढं हसणारी माणसं दोन प्रकारची. वेडी, नाहीतर काहीतरी लपवणारी." मी म्हटलं, वेडी धर. ती हसली नाही.

१७ मार्च

आज जे झालं ते लिहितानाही हसू फुटतंय!

नाटकीचं डोकं. परवापासून तीन जण साखरेसाठी तगादा लावत होते. खबर दिली, साखर कुठाय? एक तर मास्तरांची खबर देणारा. तोच तो — "हं, ताई" वाला. आवाज मी विसरणार नाही. तर नाटकीने काल तिघांनाही वेगवेगळं सांगितलं: उद्या दुपारी बाराला बाजारचौकात कारंज्यापाशी उभे राहा. ओळख म्हणून डाव्या काखेत कोबी धरा. आमचा माणूस येऊन साखर देईल. कुणाशी बोलू नका.

बारा वाजता जेवायच्या सुट्टीत आम्ही दोघी चौकात. कारंज्याच्या एका बाजूला लाकडाच्या वखारीचा मालक, काखेत कोबी. दुसऱ्या बाजूला न्हाव्याची बायको, काखेत कोबी. आणि पायरीवर, टोपी डोळ्यांवर ओढून, वाचनालयाचा सेक्रेटरी. मास्तरांच्या शेजारीच राहतो. मास्तर दर रविवारी ज्याच्याशी बुद्धिबळ खेळायचे तो! त्याच्याकडे कोबी सगळ्यात मोठा.

पाच मिनिटं तिघं इकडेतिकडे बघत होते. मग एकमेकांचे कोबी दिसले. वखारवाला लाल झाला. न्हाव्याच्या बायकोने कोबी पाठीमागे लपवला. पण कुणी जागचं हललं नाही — दोन किलो साखर! अर्धा तास उभे. बाजारातल्या बायका येता-जाता विचारतायत, काय, आज कोबीची भाजी का? नाटकी माझ्या दंडाला चिमटे काढत होती, नाहीतर मी तिथेच लोळले असते.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. कसं, ते विचारू नये. मास्तरीणबाईंच्या दारात आज चार बायका बसल्या होत्या. आणि सेक्रेटरीच्या दारावर कुणीतरी कोबीचं पान टाचून ठेवलंय.

१८ मार्च

मोठ्या बाईंनी आम्हाला बॅटरीच्या खोलीत उभं केलं. आवाज चढवला नाही, तेच वाईट. म्हणाल्या, तुम्हाला टाळ्या हव्यात का माणसं जगायला हवीत, एकदा ठरवा. "कोबी घेऊन उभा राहिलेला माणूस उद्या कचेरीत जाऊन विचारणार. तेव्हा काय सांगाल?"

नाटकी बॅटरीत पाणी घालायला लागली.

२४ मार्च

बाई म्हणाल्या तेच झालं. वखारवाला साखरेसाठी थेट कचेरीत गेला.

सकाळी दहाला बुटके साहेब स्वतः एक्सचेंजमध्ये. दोन शिपाई, मध्ये पोपट, मागे वखारवाला. डुलक्या असा ताडकन उठला की खुर्ची उलटली. नाटकी बोर्डाकडे तोंड करून "नंबर? नंबर?" म्हणत होती, एकही दिवा पेटलेला नसताना.

साहेब बोलले. पोपटाने आपल्या भाषेत केलं: या इसमाने सात नंबरला फोन केला होता का? जोडला होता का?

मोठ्या बाई उठल्या. पदर सारखा केला. म्हणाल्या, "जोडला होता. सात नंबरवर कोण बसतं? त्यांनाच विचारा."

आणि हे वाक्य साहेबांना सांगायचं पोपटालाच होतं! त्याचा चेहरा मी बघत होते. हिरवा झाला, मग पांढरा. नाही म्हणावं, तर महिनाभर त्याच्या नाकाखालून फोन गेले आणि त्याला पत्ता नाही — साहेब त्यालाच भिंतीशी उभा करतील. हो म्हणावं, तर कोबीचा जाब द्यावा लागेल. त्याने एकदा नाटकीच्या पाठीकडे बघितलं. मग साहेबांशी बरंच काही बोलला. हात छातीवर ठेवून बोलला. साहेबांनी भुवया चढवल्या, वखारवाल्याकडे बघितलं, आणि मोठमोठ्याने हसायला लागले! पोपटाच्या पाठीवर थाप मारली. आम्हाला वाटतं, त्याने सांगितलं असणार, लोभी माणसं ओळखायची ही माझीच युक्ती.

वखारवाल्याला तिथल्या तिथे दोन किलो साखर मिळाली. पिशवी उघडी, सगळ्या रस्त्याने तशीच नेली. आता त्याला गावात कुणी मीठसुद्धा देणार नाही.

निघताना पोपट नाटकीच्या खुर्चीपाशी बुटाची नाडी बांधायला वाकला. पुटपुटला, "मी एवढं नाकातून बोलत नाही."

आणि गेला. मग बाईंनी पाणी मागितलं.

२५ मार्च

त्याला माहीत आहे. कधीपासून माहीत असेल? बाई म्हणतात तो बोलणार नाही, बोलला तर आधी तोच जाईल. नाटकी म्हणते, माणूस म्हणून वाईट नसावा. मी म्हणते, पुढे बघू. पण आजपासून ती नाकातून जरा कमी बोलते.

१ एप्रिल

सुट्टी होती. बटाटे सोलत होते, तर मोठ्या बाई दारात! आजवर कधी आल्या नव्हत्या. आईला नमस्कार केला, मला जिन्यात बोलावलं. पुलापलीकडच्या डॉक्टरीणबाईंबद्दल खबर आलीय, त्यांच्या दवाखान्यात दोन जखमी मुलं आहेत. त्यांच्याकडे फोन नाही. पुलावर चौकी आहे, बाईंचा चेहरा तिथे सगळे ओळखतात. जाशील का? मी हो म्हटलं. मागे वळले तर आई दारात उभी होती.

पुलावर शिपायाने अडवलं. कुठे? मला आयत्या वेळी सुचलं — गाल धरला, कण्हले, दातांच्या डॉक्टरकडे जायचंय अशी खूण केली. शिपाई नेमका दयाळू निघाला! थांब म्हणाला, आणि चौकीतून त्यांचाच दातांचा डॉक्टर घेऊन आला. भलामोठा, हसरा माणूस. मला स्टुलावर बसवलं, तोंड उघडायला लावलं. एकेक दात ठोकून विचारू लागला, हा? हा? सगळे ठणठणीत. नाही म्हटलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं. शेवटी उजवीकडच्या दाढेला मी "आई गं" म्हटलं.

उपटली. चांगली धडधाकट दाढ! डोळ्यांपुढे काजवे. वर त्याने माझी पाठ थोपटली आणि दाढ कागदात बांधून दिली. शिपायाने पूल पार करून दिला, रक्त पुसायला आपला रुमाल दिला.

डॉक्टरीणबाईंना निरोप पोचला. मुलं तासाभरात हलली. मला बघून त्या म्हणाल्या, दाढ तर चांगली होती की. मी म्हटलं, हो ना!

२ एप्रिल

गाल भोपळ्याएवढा. आईने काल रक्त पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. रात्रभर मिठाच्या पाण्याने शेकत बसली. सकाळी म्हणाली, "ती बाई तुला घेऊन बुडणार. एक तर गेलाच माझा. आता तू एकटी उरलीस."

मी म्हटलं, आई, कसली बाई, दाढ दुखत होती.

"तुझ्या दाढा मला माहीत आहेत," म्हणाली.

३ एप्रिल

एक्सचेंजमध्ये मी बोलले की नाटकी हसून लोटपोट. "नंबर"ऐवजी "नंबल" येतं. डुलक्याने खिशातून लवंग काढून दिली. कुणाचा राग धरायचा तेच कळेनासं झालंय.

५ एप्रिल

नाटकीला ताप, म्हणून बॅटरीच्या खोलीतल्या फोनवर आज मी. गाल सुजलेला, स्वतःचा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. साडेअकराला मोठ्या बाईंनी दारातून सांगितलं, तुमच्या घराखालच्या औषधवाल्याच्या दुकानातून आहे, घे.

"सात नंबर," मी म्हटलं.

आई होती.

तिने मोठ्या बाईंचं नाव दिलं. घर सांगितलं. माझ्या मुलीला यात धरू नका, ती साधी आहे, असं तीनदा म्हणाली. साखर नको म्हणाली. मी म्हटलं, नोंद घेतली.

बाईंनी विचारलं, कुणाची तक्रार होती? म्हटलं, कोंबड्यांची.

संध्याकाळी आई पोटभर जेवली. किती दिवसांनी. दोनदा मागून घेतलं.